हिरवा त्रिकोण म्हणजे लगेच तोडायची मुभा नव्हे

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात एका सकाळी शेजारचे काका पाठीवरचा पंप उतरवत होते आणि त्याच वांग्याच्या सरीत पलीकडच्या टोकाला काकू तोडणी करत होत्या. माल संध्याकाळी गोव्याच्या गाडीत जाणार होता. "काका, आत्ताच औषध मारलंय न्हवं?" म्हटलं, तर त्यांनी बाटली उचलून दाखवली. "हिरवा हाय बघ. हिरव्याला काय होत नाही."

काकांचा घोटाळा आपल्याकडं घरोघरी आहे. बाटलीवर आणि तिच्यासोबतच्या पत्रकात दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात आणि आपण एकीवरूनच दुसरीचा अंदाज बांधतो.

बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग औषध पोटात किंवा कातडीतून अंगात गेलं तर किती घातक, एवढंच सांगतो. प्रयोगातले निम्मे उंदीर मरायला दर किलो वजनामागं किती मिलिग्रॅम औषध लागतं, यावर तो ठरतो. पोटात गेलेल्या औषधासाठी 50 पर्यंत लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा, त्यापुढं हिरवा. म्हणजे हा इशारा मुख्यतः औषध हाताळणाऱ्यासाठी, आणि तोही एकदम झालेल्या विषबाधेचा. वांगं खाणाऱ्याबद्दल त्रिकोण काहीच बोलत नाही.

खाणाऱ्यासाठीचा आकडा सोबत घडी घालून ठेवलेल्या पत्रकात असतो: शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत. अक्षर इतकं बारीक की चष्मा असूनही दिसू नये. पण तो आकडा पिकागणिक बदलतो, आणि खरी गंमत तिथं आहे. काकांच्या हातातलं औषध क्लोरँट्रानिलीप्रोल हे अळीनाशक होतं, त्रिकोण हिरवा. कोबीवर ते मारलं तर 3 दिवस थांबायचं, टोमॅटोलाही 3, भेंडीला 5. वांग्याला मात्र 22! उसाला तर 208. पण ऊस तोडणीला तसाही वर्षभर उभा असतो, म्हणून तो आकडा कुणाला टोचत नाही. उलट लॅम्डा-सायहॅलोथ्रिन हे कीटकनाशक घ्या. त्रिकोण पिवळा, म्हणजे फवारणाऱ्यानं जास्त जपायचं, पण वांग्यावर थांबायचे दिवस 4.

रंग बघून तोडणी ठरवणारा दोन्हीकडं चुकतो, तो असा.

आता 22 दिवस थांबा म्हणणं सोपं आहे. वांग्याची तोडणी चार-पाच दिवसांआड. तेवढ्या काळात झाडावरची फळं जून होऊन फेकावी लागतील. म्हणून माझं मत, हे औषध तोडणी चालू असताना हातातच घेऊ नये. वांग्याचे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी आधी शेंड्यात शिरते. शेंडे माना टाकायला लागले, फळ अजून धरलेलं नाही, तेव्हाच या औषधाची पाळी. तोडणी सुरू झाल्यावर किडकी फळं आणि वाळके शेंडे खुडून बांधावर न टाकता पुरायचे, आणि फवारायचंच झालं तर थोड्या दिवसांचं औषध शोधायचं.

घरी धुऊन घेऊ म्हणणाऱ्यांसाठी: वाहत्या पाण्यानं वरची माती आणि सालीवरचं काही औषध जातं. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासारखं झाडाच्या आत भिनणारं औषध पाण्यानं निघत नाही, आणि त्याचाही त्रिकोण हिरवाच.

पत्रक काकांना वाचून दाखवलं. त्यांनी काकूंना हाक मारली, भरलेली बुट्टी बांधावर ठेवायला लावली आणि बोटं मोजत म्हणाले, "बावीस म्हंजे गणपतीच गाठतंय की रे."