लायसिनच्या पोत्यामागचा इतिहास आणि ‘जीएम’ शब्दाचा गुंता

नवापूरच्या पोल्ट्रीत खाद्य कालवताना मका-सोयापेंडीच्या ढिगावर लायसिनचं माप पडतं. कधी फिकट भुकटी असते, कधी तपकिरी दाणे. लायसिन म्हणजे प्रथिनांचा एक घटक, एक अमिनो आम्ल. मक्यात ते कमी, ज्वारीतही कमीच. कळण्याच्या भाकरीत ही उणीव उडीद भरून काढतो. कोंबडीच्या खाद्यात तेच काम सोयापेंड करते, आणि वरून लायसिन घातलं की महागडी पेंड कमी लागते.

हे लायसिन ‘जिवाणूपासून बनतं’ म्हटलं की आपल्याकडचा शेतकरी लगेच विचारतो, “हाई बी बीटीच शे का?” २००२ पासून बीटी, म्हणजे ‘जीएम’ (जनुकं मुद्दाम बदललेला) कापूस पेरणाऱ्याचा हा प्रश्न रास्त आहे.

१९५० च्या दशकात जपानमध्ये ग्लुटामेट हे अमिनो आम्ल बाहेर टाकणारा जिवाणू सापडला, कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम. लायसिन मात्र तो गरजेपुरतंच बनवतो: लायसिन आणि थ्रिओनिन (असंच आणखी एक अमिनो आम्ल) दोन्ही साचली की पहिल्याच टप्प्याचं एन्झाइम थांबतं. संशोधकांनी जिवाणूवर अतिनील किरणं सोडून थ्रिओनिन बनवू न शकणारे वाण निवडले. ब्रेक सुटला, लायसिन वाहू लागलं. पुढची कितीतरी वर्षं असाच मारा करून वाण निवडले गेले. नेमकं कोणतं जनुक बिघडलं हे कळत नसे, आणि नको ते बिघाडही साचत गेल्याने वाण रोडावत.

१९८० च्या दशकात या जिवाणूत बाहेरून जनुकं घालता येऊ लागली. पुढे त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि मोजके उपयोगी बदल मूळच्या सुदृढ वाणात मुद्दाम करता आले.

गुंता इथेच आहे. किरणांनी असंख्य अज्ञात बदल झालेला वाण बऱ्याच देशांच्या नियमांत ‘जीएम’च्या बंधनांतून सुटतो, तीन-चार ठाऊक बदल जनुकतंत्राने केलेला मात्र त्यांत अडकतो. ही रेघ मला पटत नाही. ती बदल करण्याच्या पद्धतीवर ओढलेली आहे, पोत्यात काय उतरलं यावर नाही.

१९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅन या जिवाणूंकडूनच बनवलेल्या अमिनो आम्लाच्या गोळ्यांनी १,५०० हून अधिक लोक आजारी पडले, किमान ३७ दगावले. उत्पादकाने त्याच सुमारास जनुकबदल केलेला नवा वाण आणला होता आणि शुद्धीकरणात अशुद्धी शोषून घेणारा कोळसाही कमी केला होता. दोष कशाचा, याचा निकाल आजही लागलेला नाही. चर्चा मात्र वाणाचीच झाली, कोळशाची फारशी नाही.

लायसिनमध्येही वाणाइतकंच शुद्धीकरण बघायला हवं. लायसिन हायड्रोक्लोराइडच्या फिकट भुकटीत जिवाणू गाळून, स्फटिक करून साधारण ७८ टक्के लायसिन उरतं. लायसिन सल्फेटच्या तपकिरी दाण्यांत साधारण ५५ टक्के, कारण आंबवणाचा रस जिवाणूंच्या मृत पेशींसकट वाळवलेला असतो. दोन्ही एकाच वाणापासून बनू शकतात. एकात तो जिवाणू मागेच राहतो, दुसऱ्यात मेलेला का होईना, मक्याबरोबर कोंबडीच्या पोटात जातो.