मॅस्लो यांच्या मूळ लेखात पिरॅमिड नाही
शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांपासून कोल्हापुरातील व्यवस्थापनाच्या वर्गांपर्यंत एक समज रुजला आहे: मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांच्या गरजांच्या पिरॅमिडनुसार (तळाशी शारीरिक गरजा, त्यावर सुरक्षितता, प्रेम, आत्मसन्मान आणि टोकाला आत्माविष्कार, म्हणजे आपल्या क्षमता पूर्णपणे वापरणे) पगार आणि नोकरीची शाश्वती पुरेपूर मिळेपर्यंत कामगाराला मान, आपुलकी किंवा कौशल्य दाखवण्याची संधी यांची गरज भासत नाही. मॅस्लो यांनी असे म्हटलेले नाही. १९४३ सालच्या त्यांच्या मूळ लेखात पिरॅमिडची आकृतीच नाही. ती पुढे व्यवस्थापनविषयक लेखनातून रूढ झाली. उलट, एक गरज शंभर टक्के भागल्यावरच पुढची जागी होते, हा गैरसमज त्यांनी त्याच लेखात खोडून काढला होता आणि सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्माविष्काराच्या १० टक्के एकाच वेळी भागलेल्या असू शकतात, असे उदाहरण दिले होते. (हे आकडे कल्पिलेले आहेत, मोजलेले नाहीत, हे आवर्जून सांगायला हवे.) म्हणूनच भट्टीपुढे राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला सन्मानाने वागवणे, कास्टिंगमधील (ओतीव भागातील) दोषाबद्दल त्याचे मत विचारणे ही कामे पगारवाढीनंतरची समजणे चूक आहे, आणि नुसत्या कौतुकावर त्याची पगारवाढ लांबवण्यालाही या सिद्धांतात कोणताच आधार नाही.