बर्गर वाटून खायचा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा

चौघांनी चार वेगवेगळे बर्गर मागवायचे आणि प्रत्येकाने सगळ्यांची चव घ्यायची, ही पद्धत आम्हालाही आवडते. अडचण एवढीच, की "याचे चार तुकडे करून द्या" हे प्लेट टेबलावर आल्यावर सांगितलं जातं. शनिवार-रविवारी तर जवळजवळ प्रत्येक टेबलावरून. म्हणून हे पत्रक.

आमच्या मटण बर्गरची पॅटी 150 ग्रॅमची असते. खांदा आणि सीन्याचा (छातीच्या भागाचा) खिमा, त्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी. बोकडाचं मटण मुळात कमी चरबीचं. ही भर घातली नाही तर पॅटी कोरडी पडते. तव्यावरून उतरल्यावर तिला दोन-तीन मिनिटं निवू द्यावं लागतं. त्याआधी सुरी चालवली की रस सगळा प्लेटमध्ये, खालच्या पावाचा लगदा, चीजसकट टोमॅटो एकीकडे आणि पॅटी दुसरीकडे. मग तीच प्लेट "जरा गरम करून द्या" म्हणून आत येते. पुन्हा तापवलेली पॅटी चिवट होते. ती आम्ही देत नाही, नवीन करतो. वीस मिनिटांची ऑर्डर चाळिसावर जाते आणि मागच्या टेबलाचाही खोळंबा होतो.

आधी सांगितलंत तर तेवढ्याच खिम्याच्या चार छोट्या पॅट्या थापून चार छोट्या पावांत देतो. कडेचा खरपूस भाग प्रत्येकाच्या वाट्याला येतो. वेळ तेवढाच लागतो, पावांचे चाळीस रुपये जास्त पडतात. मटण, चिकन, पनीर, मशरूम असे चारही वेगळे हवे असतील तर तसेही मिळतील. शाकाहारी बर्गरचा तवा, उलथनं आणि तळणीचं तेल वेगळं आहे.

'मिडियम रेअर', म्हणजे आतून अर्धवट कच्ची पॅटी, आम्ही करत नाही. स्टेकच्या, म्हणजे खिमा न केलेल्या मांसाच्या, अख्ख्या तुकड्यात जंतू मुख्यतः वरच्या बाजूला असतात, आच लागली की मरतात. खिमा करताना तेच आतपर्यंत मिसळतात. म्हणून मटण आतून 71 आणि चिकन 74 अंश सेल्सिअसला पोहोचल्याशिवाय उतरवत नाही. प्रत्येक पॅटीत थर्मामीटरची सळई घालून बघतो. एवढ्या तापमानालाही मटण कधी मध्ये किंचित गुलाबी दिसतं. ते कच्चं नसतं. शंका आली तर लगेच सांगा, टेबलाशी येऊन मोजून दाखवू.

मीठही खिम्यात मळत नाही, पॅटी तव्यावर टाकताना वरून भुरभुरवतो. मळलं तर ती सॉसेजसारखी घट्ट होते. अळणी वाटलं तर मीठ मागण्याआधी पाव, पॅटी आणि लोणच्याची काकडी एकाच घासात घेऊन पाहा. त्यासाठी काट्याचमच्यापेक्षा हातच बरा. कागद त्यासाठीच गुंडाळलेला असतो.

सहापेक्षा जास्त मंडळी येणार असाल तर दोन तास आधी फोन करा. छोटे पाव रोज सकाळी मोजकेच भाजतो, रविवारी रात्री नऊनंतर ते सहसा उरत नाहीत.