बदललेला सांधा शरीर ‘नाकारतं’ का?

तलावपाळीवर सकाळी फिरताना कितीदा तरी कानावर येतं, "गुडघा बदलू नका, 10-15 वर्षांनी शरीर तो नाकारतं." हे खरं नाही. किडनी नाकारली जाऊ शकते, कारण तिच्यात दुसऱ्याच्या पेशी असतात. कृत्रिम सांध्यात पेशीच नाहीत. म्हणून तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लागत नाहीत.

कालांतराने सांधा सैल होतो त्याचं एक मोठं कारण वेगळंच आहे. धातूवर प्लॅस्टिक घासून कण सुटतात, बरेचसे 1 मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) लहान. मॅक्रोफेज या भक्षक पेशी ते गिळतात, पण पॉलिएथिलीन, म्हणजे हे प्लॅस्टिक, त्यांना पचत नाही. मग त्या दाह वाढवणारी रसायनं सोडतात, हाड खाणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि सांध्याभोवतीचं हाड विरघळू लागतं. पूर्वी डॉक्टरही दोष सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या सिमेंटला देत, ‘सिमेंटचा आजार’ म्हणत. पण सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्यांतही तेच दिसलं!

1990 च्या दशकाअखेरीस आलेल्या क्रॉसलिंक्ड (रेणू एकमेकांना जोडून चिवट केलेल्या) प्लॅस्टिकने, विशेषतः खुब्यात, ही झीज खूप कमी केली. तरी हे हाड विरघळणं बराच काळ दुखत नाही. एक्स-रेत पांढऱ्या धातूच्या कडेला काळसर पट्टा तेवढा दिसतो. म्हणून काका-काकू, पाय ठणठणीत असला तरी सांगितलेल्या तारखेला एक्स-रे काढायला जाच.