पोर्तुगालचे अमली पदार्थविषयक धोरण

पोर्तुगालमध्ये स्वतःच्या वापरापुरता अमली पदार्थ बाळगणे हा १ जुलै २००१ पासून फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. तेथे हे पदार्थ कायदेशीर झाले, हा सर्रास आढळणारा समज मात्र चुकीचा आहे. बंदी कायम आहे आणि तस्करीला आजही तुरुंगवास होतो.

१९७४ च्या क्रांतीने दीर्घ हुकूमशाही संपली, देश खुला झाला आणि पुढच्या वर्षांत हेरॉइन झपाट्याने पसरले. १९९० च्या दशकात सुमारे एक कोटी लोकवस्तीत लाखभर लोक व्यसनात अडकल्याचा अंदाज होता. लिस्बनच्या काझाल व्हेंतोझु वस्तीत हेरॉइनचा उघड बाजार भरे. व्यसन सुखवस्तू घरांतही शिरले होते, त्यामुळे ‘ही गुन्हेगारांची भानगड’ म्हणून हात झटकणे कोणालाच शक्य नव्हते. १९९८ मध्ये सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. या धोरणाचे शिल्पकार मानले जाणारे डॉ. जुआंव गुलांव तिचे सदस्य होते.

तिच्या शिफारशींवरून झालेल्या नव्या कायद्याने दहा दिवसांच्या वापराची मर्यादा घातली : हेरॉइन १ ग्रॅम, गांजा २५ ग्रॅम. तेवढा माल सापडल्यास पोलीस तो जप्त करतात आणि त्या व्यक्तीला ‘परावृत्ती आयोगा’कडे पाठवतात. आयोगावर कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतले तिघे असतात. विचारपूस टेबलाशी बसून होते : कधीपासून घेतोस, कामधंदा काय, घरी कोण आहे? व्यसन न जडलेल्याचे पहिले प्रकरण सहसा स्थगित ठेवले जाते. व्यसनी माणसाला आर्थिक दंड करता येत नाही. उपचारासाठी त्याचे मन वळवतात, सक्ती करत नाहीत.

या धोरणाचा खरा कणा उपचारव्यवस्था हाच आहे. मेथाडोन हे हेरॉइनऐवजी दिले जाणारे औषध पुरवणाऱ्या गाड्या वस्त्यांत फिरतात. एकमेकांच्या सुया वापरून एचआयव्ही पसरू नये म्हणून औषधदुकानांतून जुन्या सुया घेऊन नव्या देणे तर १९९३ पासूनच सुरू होते. २००१ मध्ये व्यसनींमध्ये एचआयव्हीची हजारभर नवी प्रकरणे नोंदली गेली. दशकभरात तो आकडा शंभराच्या खाली आला. अमेरिकेतील ओरेगॉनने २०२० च्या सार्वमताने हाच मार्ग धरला, पण उपचारकेंद्रे वेळेत उभी राहिली नाहीत आणि २०२४ मध्ये शिक्षा परत आली. उपचाराआधी कायदा सैल करण्याची घाई तेथे भोवली.

भारतात अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याच्या (एनडीपीएस) कलम २७ नुसार सेवनासाठीही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देते; उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.