दुप्पट गरम म्हणजे किती?

अकरावीच्या रसायनशास्त्रात वायूंचे नियम सुरू झाले की एक उदाहरण हमखास सोडवायला येते. २० अंश सेल्सिअसला एका वायूचे आकारमान ५०० मिलिलिटर आहे. दाब तोच ठेवून तापमान ४० अंश केले, तर आकारमान किती होईल? स्थिर दाबाखाली आकारमान तापमानाच्या समप्रमाणात असते, हा चार्ल्सचा नियम पाठ असलेला विद्यार्थी चटकन १००० मिलिलिटर लिहून मोकळा होतो आणि शिक्षक त्यावर काट मारून ‘आधी २७३ मिळव’ असे सांगतात. तसे केल्यावर ३१३ ला २९३ ने भागून उत्तर सुमारे ५३४ मिलिलिटर येते आणि गुणही मिळतात. पण २७३ का मिळवायचे, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात तसाच राहून जातो. माझ्या मते वायूंच्या या सगळ्या प्रकरणाचा गाभा त्याच प्रश्नात आहे.

हेच गणित फॅरनहाइटमध्ये करून पाहावे. २० अंश सेल्सिअस म्हणजे ६८ अंश फॅरनहाइट आणि ४० अंश म्हणजे १०४. आता १०४ ला ६८ ने भागून ५०० ने गुणले, तर उत्तर सुमारे ७६५ मिलिलिटर येते. वायू तोच, त्याला दिलेली उष्णता तेवढीच, बदलल्या त्या फक्त तापमापीवरच्या खुणा. तरीही एकीकडे १००० आणि दुसरीकडे ७६५. नियम चुकलेला नाही, आपले शून्य चुकलेले आहे.

६ मीटर उंच भिंतीमागे दोन माड आहेत आणि पलीकडून पाहणाऱ्याला एकाचा १ मीटर, तर दुसऱ्याचा २ मीटर भाग दिसतो, असे समजू. दुसरा माड पहिल्याच्या दुप्पट उंच आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण प्रत्यक्षात ते ७ आणि ८ मीटरचे आहेत. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापपट्ट्या अशाच भिंतीच्या माथ्यापासून मोजतात. फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचे तापमान शून्य धरले. स्वीडनच्या सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये पाण्याच्या उत्कलनबिंदूला ० आणि गोठणबिंदूला १०० म्हटले होते. आज वापरात असलेला उलटा क्रम त्यांच्या मृत्यूनंतर रूढ झाला. जे शून्य असे सहज खालीवर करता येते, ते निसर्गाचे नव्हे, आपल्या सोयीचे असते.

निसर्गाचे शून्य वायूंनी दाखवले, आणि त्याची चुणूक घरच्या फ्रीजमध्येही दिसते. पातळ प्लास्टिकची एक लिटरची रिकामी, कोरडी बाटली घेऊन तिचे झाकण घट्ट लावावे आणि ती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. सकाळी तिच्या बाजू आत ओढल्या गेलेल्या असतात, आणि ओट्यावर काही वेळ ठेवली की ती पुन्हा फुगते. खोलीत २७ अंश आणि फ्रीजमध्ये ४ अंश तापमान धरले आणि बाटलीने काहीच विरोध केला नाही असे मानले, तर आतल्या एक लिटर हवेला जेमतेम ९२३ मिलिलिटर जागा पुरते.

हे आकुंचन नेमके किती, हे फ्रान्सच्या गे-ल्युसॅक यांनी १८०२ मध्ये प्रसिद्ध केले. हायड्रोजनचा फुगा उडवणाऱ्या जाक चार्ल्स यांनी असे प्रयोग त्याच्या सुमारे १५ वर्षे आधीच केले होते, पण ते छापले नव्हते. गे-ल्युसॅक यांनी त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले म्हणून नियमाला चार्ल्स यांचे नाव लाभले. विलक्षण गोष्ट अशी की हवा असो, हायड्रोजन असो वा ऑक्सिजन, प्रसरण जवळजवळ सारखेच भरले. नंतरच्या अधिक काटेकोर मोजणीनुसार, तापमान एका अंशाने बदलले की वायूचे आकारमान त्याच्या ० अंश सेल्सिअसच्या आकारमानाच्या २७३ व्या भागाने बदलते. म्हणजे ० अंशाला २७३ मिलिलिटर असलेला वायू १ अंशाला २७४, उणे १ अंशाला २७२ आणि उणे १०० अंशाला १७३ मिलिलिटर होतो. हीच रेषा कागदावर पुढे ओढत नेली, तर उणे २७३ अंशांना आकारमान शून्यावर येते, आणि त्याखाली जायला जागाच उरत नाही.

प्रत्यक्षात कोणताही वायू तिथवर वायू म्हणून पोहोचत नाही. सामान्य दाबाला ऑक्सिजन उणे १८३, नायट्रोजन उणे १९६ आणि सर्वांत चिवट हेलियम उणे २६९ अंशांना द्रवरूप होतो. तरीही ते शून्य कागदावरचे म्हणून सोडून देता येत नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांच्या सिद्धांतावरून, कोणत्याही विशिष्ट पदार्थाचा आधार न घेता, निरपेक्ष मापपट्टीची कल्पना मांडली आणि पुढे तिचे शून्यही तिथेच आले. आज ते उणे २७३.१५ अंश सेल्सिअस मानतात, म्हणून सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवले की या शून्यापासून मोजलेले, म्हणजेच केल्विनमधले, तापमान मिळते. या शून्यापासून मोजलेले तापमान वायूच्या रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेच्या समप्रमाणात असते. म्हणून २० वरून ४० अंशांवर गेलेल्या वायूच्या रेणूंची ऊर्जा दुप्पट होत नाही, जेमतेम ७ टक्क्यांनी वाढते. ती खरोखर दुप्पट करायची, तर २० अंशांचा वायू ३१३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागेल.

दाबाच्या बाबतीतही हीच चूक होते, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जाते. गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हवा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा दाबमापक बाहेरच्या वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब तेवढा दाखवतो. खरा दाब त्यात वातावरणाचे १४.७ मिळवून ४६.७ पीएसआय असतो. सकाळी २७ अंशांना असलेली टायरमधली हवा लांबच्या प्रवासात ५७ अंशांपर्यंत तापली, तर केल्विनमध्ये ती ३०० वरून ३३० वर जाते, म्हणजे टायरचे आकारमान जवळपास तेच धरले तर खरा दाबही १० टक्क्यांनी वाढून सुमारे ५१.४ होतो. दाबमापक मात्र जवळपास ३६.७ दाखवतो, आणि ही वाढ त्याच्या आकड्यात १५ टक्क्यांची दिसते. हवा जास्त झाली असे समजून आकडा पुन्हा ३२ होईपर्यंत ती तिथेच काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर गार झाल्यावर तोच दाबमापक २८ च्या आसपास दाखवील. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दाब गार टायरसाठी असतो.