पॅनिकमध्ये नाव ड्रायव्हरचं, चूक कुणाची?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात बिलिंगचा सर्व्हर बंद पडतो. स्क्रीनवर ‘कर्नेल पॅनिक’, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा (कर्नेल) कोसळल्याचा संदेश, आणि खाली नेटवर्क ड्रायव्हरचं, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव. सल्ला ठरलेला असतो: कार्ड बदला. तो अनेकदा का फसतो, याला जुना इतिहास आहे.

ड्रायव्हर कर्नेलच्याच अधिकारात चालतो आणि कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीत लिहितं. त्यासाठी राखलेली जागा, म्हणजे बफर, आधीच मोकळा झालेला असेल, तर आलेलं पॅकेट दुसऱ्याच्याच डेटावर जाऊन बसतं. धागा तुटला की ऑटो माग जागीच थांबतो; कर्नेल मात्र पुढे चालत राहतो आणि त्या बिघडलेल्या डेटाला हात लागला की कोसळतो. लिनक्स कर्नेलच्या इतर भागांपेक्षा ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण ३ ते ७ पटींपर्यंत जास्त असल्याचं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं, त्यामुळे संशय ड्रायव्हरवर जाणं साहजिकच.

पण २००८ चं उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांनी इंटेलच्या ई१०००ई कार्डांची कायमस्वरूपी मेमरीच खराब केली. चेकसम (डेटा शाबूत आहे का हे तपासणारा आकडा) जुळेना, कार्ड सुरूच होईना. सगळ्यांनी ड्रायव्हर उकलून पाहिला. दोषी निघालं एफट्रेस, म्हणजे कर्नेलमधल्या फंक्शनांचा माग काढणारं साधन. मॉड्यूल (कर्नेलला गरजेनुसार जोडला जाणारा भाग, उदा. ड्रायव्हर) सुरू करणारा कोड काम झाल्यावर मेमरीतून काढला जातो. एफट्रेसने त्याचे पत्ते जपून ठेवले होते. त्याच पत्त्यांवर नंतर कार्डाची मेमरी जोडली गेली आणि एफट्रेसने तिथे लिहिलं. २.६.२७.१ मध्ये ती सोय बंद केली.

पुरावा मिळवणं हीच खरी अडचण होती. पूर्वी स्क्रीनवरचे आकडे हाताने उतरवून के-सिम-ऊप्सला, म्हणजे त्या आकड्यांवरून फंक्शनांची नावं शोधणाऱ्या साधनाला, द्यावे लागत. नेटकन्सोल कर्नेलचे संदेश दुसऱ्या मशीनवर पाठवतं खरं, पण त्याच कार्डावरून, म्हणजे ड्रायव्हरच पडला तर भरवसा सिरियल केबलचाच. २००५ मध्ये, २.६.१३ पासून, केडंप आलं: बाजूला राखलेल्या मेमरीत दुसरा कर्नेल उठतो आणि पडलेल्याची मेमरी डिस्कवर उतरवतो. २०१५ मध्ये, ४.० आवृत्तीत, केसॅन हे मेमरीतल्या चुका शोधणारं साधन आलं. ते मोकळ्या बफरला हात लागतो त्याच क्षणी पकडतं, पण फक्त प्रोसेसरचा हात. कार्डाच्या डीएमएला आवर घालतं आयओएमएमयू, म्हणजे कार्डाने मेमरीत कुठे लिहायचं याची मर्यादा घालणारं हार्डवेअर.

केडंपसाठी मेमरी बूट होतानाच राखावी लागते. पॅनिक झाल्यावर ती मागता येत नाही.